जमिनीकडून आलेली लाट

माझी सून रेडिओत बोलते. घरात तिच्या तोंडून शब्द काढायचा तर गळ टाकून बसावं लागतं, पण रेडिओत बोलते. रोज सकाळी मेलेल्यांची नावं वाचून झाली की तिची पाळी. मेलेल्यांच्या मागून हवामान. त्या सकाळी मी योफच्या किनाऱ्यावर सुकवायचे मासे चिरत बसले होते, माझ्या फळ्यांपाशी, माझ्या जागेवर. तिथं माझी आई बसायची, आणि दुसरं कोणी बसलं तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मोमार सेकच्या चहाच्या शेगडीजवळ ट्रान्झिस्टर चालू होता. माझी सून, सिरा, त्यातून म्हणाली, "पूर्वेकडून एक लाट निघाली आहे. आज दुपारपर्यंत ती आपल्यावर येईल. होड्या पाण्यात घालू नका." माझी सुरी माशाच्या पोटात थांबली. एवढंच झालं. बाई ओळखीची, शब्दही जन्मापासून ओळखीचा, आणि दोन्ही मिळून काहीतरी भलतंच ऐकू आलं. चमचा तोंडात घालावा आणि भाताऐवजी वाळू लागावी तसं. लाट, पूर्वेकडून. आमची जमीन म्हणजे समुद्रात खुपसलेलं बोट. उत्तरेला पाणी, पश्चिमेला पाणी, दक्षिणेला पाणी. पूर्वेला तेवढा रस्ता. पूर्वेकडून बस येते, शेंगदाण्याची पोती येतात, बकरी ईदेच्या आधी मेंढरं येतात आणि सुना येतात. लाट कशी येईल? मोमार सेक हातातला पेला खाली ठेवून म्हणाला, "याय दारो, तुझ्या सुनेला विचार गं, ही लाट बसनं येतेय की पायी?" दुसरा कोणी ओरडला, "टपावर बसलीय! खाली जागा नाही मिळाली!" सगळा किनारा मला याय म्हणतो, आई म्हणतो, आणि सगळा किनारा त्या दिवशी माझ्या घरातल्या बाईवर हसला. मीही हसले. ते हसण्यासारखंच होतं. आज कोणी विचारलं तरी मी म्हणेन, हसण्यासारखंच होतं.

बिराम तिथंच उभा होता. माझा मुलगा, तिचा नवरा, या क्रमानं. त्याला सिरानं पहाटेच सांगितलं होतं, भिंतीपलीकडून मी ऐकलं होतं. आमच्या भिंती सिमेंटच्या आहेत, पण सिमेंटात वाळू जास्त आहे. "आज नका जाऊ." "का?" "लाट येतेय." "बाई, लाट पाण्यात असते." "ही वेगळी." "वेगळी म्हणजे कोरडी का?" मग तो हसला होता, प्रेमानं हसला होता, ते मला आवडलं नव्हतं. किनाऱ्यावर मात्र तो हसला नाही. त्यानं समुद्राकडे पाहिलं. समुद्र कढईतल्या तेलासारखा पडून होता, एक सुरकुती नाही. आमचा माणूस लाट म्हटलं की पाण्याकडे बघतो. दुसरीकडे बघायला त्याला कोणी शिकवलेलंच नाही. मोमार सेकनं परत टोमणा मारला, "बिराम, बायकोला विचारून आलास ना?" आणि बिरामनं लहान होडी, एकट्यानं गळ टाकायला नेतो ती, एकट्यानंच पाण्यात ढकलली. पुरुषाला समुद्र मारत नाही, दुसऱ्या पुरुषांचं हसणं मारतं, असं माझी आई म्हणायची. आई पुष्कळ काही म्हणायची. मी त्याच्या पाठीकडे पाहिलं नाही. समुद्रात जाणाऱ्याच्या पाठीकडे पाहायचं नसतं.

दुपारी वारा मेला. झाडाचं पान हलेना, माशीसुद्धा उडेना. माशा सुकत घातलेल्या मासळीला चिकटून बसल्या. अंगावरचा झगा पाठीला चिकटला आणि माझ्या कानात दडे बसले, विहिरीत उतरताना बसतात तसे. मग कोणीतरी म्हणालं, मागे बघा. मागे, म्हणजे जमिनीकडे. मशिदीच्या मिनारामागे, जुन्या विमानतळाच्याही मागे, खालून वरपर्यंत तांबूस भिंत उभी होती. ती चालत नव्हती, मोठी होत होती. नंतर पत्रे उडाले. माझ्या फळ्या उडाल्या, आईच्या वेळच्या फळ्या, आणि सुकत घातलेले मासे पाखरांसारखे हवेत उठून समुद्रात परत गेले. डोळ्यात वाळू, दातांत वाळू, आणि तिच्या मागून पाऊस असा की कोणी अंगावर खडे मारतंय. मी जमिनीला धरून बसले आणि पाण्याकडे पाहिलं. समुद्र उलटा चालला होता. जन्मभर मी लाटा किनाऱ्याकडे येताना पाहिल्या. त्या दिवशी वारा पाण्याचं कातडं पश्चिमेकडे ओढत होता, बाहेर, जिथं काही नाही तिकडे. ज्या होड्या जवळ होत्या त्या कशाबशा आल्या. संध्याकाळी आकाश स्वच्छ झालं, नव्या नवरीसारखं निर्लज्ज स्वच्छ, आणि बिरामची होडी आली नाही.

घरी आले तेव्हा सिरा अंगणात उभी होती. मला वाटलं होतं रडेल. रडली असती तर मी तिला दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि मग कदाचित जवळ घेतलं असतं, कदाचित. ती रडली नाही. मी म्हटलं, "लाट म्हणे! आमच्या भाषेत येऊन आमच्याच माणसांना लाट शिकवतेस? तुझ्या त्या पूर्वेकडच्या तांबाकुंड्यात पाणी पाहायचं तर मडक्यात वाकून बघावं लागतं." ती म्हणाली, "मी सांगितलं होतं, जाऊ नका. नीट सांगितलं होतं." "नीट? सगळा किनारा हसला." "तुम्हीही हसलात. मला मोमार सेकच्या बायकोनं सांगितलं." बघा, अशी आहे ती. हळू बोलते आणि बरोबर जिथं हाड आहे तिथं सुरी घालते. माझी सवत कुंबा ओट्यावर तांदूळ निवडत होती, ती खालच्या मानेनं म्हणाली, "भांडा, भांडा. भांडणानं होडी ओढली जाते असं ऐकलंय मी." नवरा मरून गेला पण सवत मला ठेवून गेला. तिनंच दुसऱ्या दिवशी दह्याचा वाडगा भरला, समुद्रातल्या थोर आजीला वाहायला, जिचं नाव आम्ही संकटात घेतो. मी वाडगा अडवला. "समुद्रानं काय केलंय? समुद्र तर निजलेला होता. दही घालायचं तर रस्त्यावर घाल, बसथांब्यावर घाल. चोर तिकडून आला." कुंबा म्हणाली, "दारो, तुझं तोंड एक दिवस तुझंच घर जाळेल." पण तिनं वाडगा नेला, आणि तिचा मुलगा दाऊर, माझा सावत्र, तिला काही न विचारता मोठ्या होडीत चढला आणि बिरामला शोधायला गेला. त्याच्या मागून बाकीच्या होड्या गेल्या. मोमार सेकही गेला, त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. मी त्याला बोलले नाही. न बोलणं हे माझं बोलण्याहून वाईट असतं, त्याला माहीत आहे.

आणि मग वाट बघणं. वाट बघताना माणसाच्या मनात काय काय येतं, त्याला लाज नसते. मला कोरडी वर्षं आठवली. मी तरुण होते, बिराम जन्मायचा होता. तेव्हाही ती तांबूस भिंत यायची, पावसाळ्यात दर चार-पाच दिवसांनी यायची, आम्ही बादल्या, पातेली, न्हाणीतले पत्र्याचे डबे सगळं अंगणात मांडायचो, आणि ती वाळूनं भरून निघून जायची. आत पाणीच नसायचं. नुसतं येणं. नवरा दारू न पिता दारुड्यासारखा घरी येतो तसं. त्याच वर्षांत पूर्वेकडची माणसं शहरात आली, पोटाला चिमटे घेत, गुरं वाटेत सोडून. सिराचा बाप त्यांतलाच असेल. मी विचारलं नाही कधी. आम्ही त्यांना पाणी दिलं आणि नावं ठेवली, दोन्ही. आता त्यांच्यातलीच एक माझ्या घरात माझ्या मुलाच्या झग्यांच्या घड्या घालते, आणि आम्हा सगळ्यांच्या एकाच मासे-भाताच्या भांड्यात माझ्या समोरच्या बाजूनं खाते, आणि मासा मोडताना काटे न काढता मोडते, हातानं चाचपून, आंधळ्यासारखं. बिराम तिच्यापुढे काटे काढलेले तुकडे सरकवायचा. लहान असताना मी त्याच्यापुढे सरकवायचे तसे. हे आठवलं आणि माझ्या हातांना काही करायला हवं होतं म्हणून मी फळ्या परत ठोकायला घेतल्या, तर खिळे वाकडे जात होते आणि प्रत्येक वाकड्या खिळ्याला मी तिचं नाव घेत होते.

मी तिला विचारलं, विचारायचं नव्हतं तरी. ती धुतलेली चादर दोरीवर टाकत होती. म्हटलं, "काय असते ती? तुझी लाट?" ती थांबली. मग चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, न विचारता दिलं, आणि दुसरं टोक धरून एक हिसका दिला. चादरीतून एक फुगवटा धावत माझ्या हातापर्यंत आला आणि मेला. "चादर तुमच्याकडे आली का?" "नाही." "पण काहीतरी आलं." मी माझ्या हाताकडे पाहिलं. "आकाशात असंच. पार पूर्वेला, हबशांच्या देशातल्या डोंगरांपाशी हिसका बसतो. मग तो चाडवरून, नायजरवरून, मालीवरून चालत येतो. हवा तिथंच राहते, हिसका पुढे येतो. खोलगट भागात ढग जमतात, वादळं जमतात. उंचवट्यावर आकाश कोरडं. एक गेली की मागून दुसरी. रेडिओतली माणसं हवामानाच्या ऑफिसातून फ्रेंचमध्ये ऐकतात, मी आपल्या भाषेत सांगते. त्यांच्या भाषेत पाण्यातली वेगळी आणि हवेतली वेगळी, दोन शब्द आहेत. आपल्याकडे एकच." ती 'आपल्याकडे' म्हणाली. मला राग आला. मग म्हणाली, "आणि ती इथं थांबत नाही, याय. इथून समुद्रात उतरते. त्यातली एखादी पार पलीकडे, अमेरिकेपर्यंत जाते, आणि तिकडे तिचं मोठं वादळ होतं. तिकडची माणसं तिला नाव देतात, माणसासारखं." मी चादरीचं टोक सोडून दिलं, चादर ओल्या मातीत पडली. ती लाट माझ्या मुलाला घेऊन गेली तेव्हा तिला नाव नव्हतं आणि तिकडे गेल्यावर तिचं बारसं होणार. पण ते हिसक्याचं खरं होतं. ते मला माहीत होतं. लहानपणी पाण्यावर भोपळा टाकून आम्ही बघत बसायचो, लाट त्याच्या खालून निघून जायची आणि भोपळा तिथंच वरखाली. पाणी येत नसतं, आकार येत असतो. माझ्याच पोटातली गोष्ट तिनं माझ्यापुढे ठेवली, धुतलेल्या चादरीत घालून, आणि त्याबद्दल मी तिला कधी क्षमा करणार नाही.

शोध चालला होता. होड्या बाहेरच राहत होत्या. पाणी, बिस्किटं, पेट्रोल मागून जाणाऱ्या होडीतून पोचवलं जायचं. कोणीतरी तरंगणारं वल्हं पाहिलं म्हणे. कोणीतरी म्हणालं, आमचं नव्हे. समुद्रात माणूस टिकतो; माझ्या मामानं उलट्या होडीवर बसून दिवस काढले होते आणि परत येऊन पहिला शब्द बोलला होता तो माझ्या मामीला शिवी. होडी लाकडाची असते, बुडत नाही, नुसती पालथी होते. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, आणि ज्यानं मान हलवायला उशीर केला त्याला घराबाहेर काढत होते. आणि अशात सिरा दुपारी रेडिओतून घरी आली, नेहमीच्या आधी, आणि माझ्यापुढे जमिनीवर बसली. कुंबा ओट्यावर होती. सिरा म्हणाली, "दुसरी निघालीय. मालीतलं बामाको ओलांडलं तिनं. उद्या सकाळी इथं. आधीच्याहून मोठी आहे." ती थोडी पुढे सरकली. "होड्या बाहेर आहेत, याय. सगळ्यांकडे रेडिओ आहेत. मी आत्ता परत जाऊन बोलणार आहे. पण मी लाट म्हटलं तर ते पाण्याकडे बघतील." ओट्यावर तांदळाचा आवाज थांबला. "मला शब्द द्या. आपले लोक तिला काहीतरी म्हणत असतील. मी नोकरीला लागले तेव्हाही विचारलं होतं, कोणी सांगितलं नाही."

सांगितलं नव्हतं, कारण तो शब्द सांगायचा नसतो. शब्द आहे. योफमधल्या प्रत्येकाला येतो. पण तो डोळ्यांनी पाहिल्यावर म्हणायचा. भिंत दिसली की जो पहिला बघेल त्यानं ओरडायचं, आणि मग होड्या ओढायच्या. न दिसता म्हटला तर ते सांगणं होत नाही, बोलावणं होतं. अंगात येणाऱ्या बाईपुढे तिच्या भुताचं नाव घेतलं की ती उठते, तसं. लहानपणी माझ्या भावानं खेळात ओरडून म्हटला होता, तर बापानं त्याच्या तोंडात मूठभर मीठ कोंबलं होतं. आमच्याकडे ती आली याला शब्द आहे; ती येणार आहे याला शब्दच नाही. कधी लागलाच नाही. येणार आहे हे कोणाला ठाऊक असायचं? आता ही बाई बसली आहे, जिला ठाऊक आहे, आणि तिच्याकडे शब्द नाही. आणि माझ्याकडे शब्द आहे.

मी तिला म्हटलं, "तू बायको आहेस ना त्याची?" "हो." "होड्या परत आल्या तर त्याला कोण शोधेल? ती मोठी आहे म्हणतेस. ती येऊन गेल्यावर मग कोण काय शोधेल?" "कोणी नाही," ती म्हणाली. "मग?" तिनं माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच सरळ. "म्हणून तर तुमच्याकडे आले. मी लाट म्हणू शकते, याय. माझं काम झालं. ऑफिसनं जे सांगितलं ते मी सांगितलं, कोणी बोट दाखवणार नाही. आणि कोणी परत येणार नाही, त्याला शोधत राहतील. वाटेत मी हाच विचार करत आले. एकटीनं मला ते ठरवता आलं नाही, त्याच्याही बाजूनं नाही आणि होड्यांतल्या माणसांच्याही बाजूनं नाही." बघा. माझ्या गळ्यात आणून टाकलं. एवढी वर्षं मी या घरात सगळं ठरवलं, कोणी काय खायचं, कोणी कोणाशी लग्न करायचं, होडीला कोणता रंग. ठरवायची मला सवय आहे असं म्हणून तिनं हे माझ्या मांडीवर ठेवलं, एखादा कुजलेला मासा ठेवावा तसं. मी कुंबाकडे पाहिलं. दाऊर तिचा एकुलता. तिनं रडावं, माझ्या पायावर पडावं, असं मला वाटलं, कारण मग मला तिला झिडकारता आलं असतं. ती पडली नाही. ती म्हणाली, "तुझा मासा शोधायला माझा गळ गेलाय, दारो. मी काही म्हणत नाही. एवढंच, की गळ माझा आहे." आणि परत तांदूळ निवडायला लागली, निवडलेलेच.

मी बिरामचा चेहरा डोळ्यापुढे आणायला गेले आणि तो आला नाही. त्याचे कान आले. लहानपणचे, उन्हात पारदर्शक होणारे. मग त्याचा आवाज आला, कोरडी का लाट, असा. उद्या सकाळपर्यंत तो पालथ्या होडीवर असेल आणि दाऊरची होडी त्याच्या एवढ्या जवळ असेल की एक हाक पुरेल, आणि तेवढ्यात दाऊरच्या रेडिओत शब्द ऐकू येईल आणि दाऊर तोंड फिरवेल. किंवा बिराम नसेलच. किंवा दाऊर नसेल, मोमार सेक नसेल, अर्धा किनारा नसेल, आणि उद्यानंतर योफमधली प्रत्येक बाई माझ्या फळ्यांसमोरून जाताना मान खाली घालेल, शोकानं नाही, थुंकायला. मला त्यांचं प्रेम नको होतं. कधीच नको होतं. पण मी कोणाची देणेकरी राहिलेली नाही, आणि एवढ्या आयांची तर नाहीच नाही. हे चांगुलपणाचं नव्हे. चांगुलपणा कुंबाकडे असतो, वाडग्यात. माझ्याकडे मान आहे, आणि मान ही फार महाग पडणारी गोष्ट आहे. मी उठले आणि डोक्याचं फडकं बांधलं. सिराला म्हटलं, "तुला शब्द देणार नाही. तुझ्या तोंडात तो बसणार नाही, परत हसतील. मी म्हणेन."

टॅक्सीत आम्ही एकमेकींना लागू नये अशा बसलो. रेडिओची खोली म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, वास घामाचा. मशीनपुढच्या माणसानं माझ्यापुढे बोलायची ती काळी मूठ सरकवली आणि दिवा लागला. सिरानं ऑफिसचं सांगितलं, साधं, दोन वाक्यांत. मग माझ्याकडे बोट केलं. माझ्या तोंडात मीठ असल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मी योफची दारो. पूर्व उठली." खोलीत कोणीतरी श्वास आत ओढला, मशीनवाला आमच्याच किनाऱ्यावरचा असणार. मी परत म्हटलं, "पूर्व उठली. मी पाहिली नाही, तरी म्हणतेय. मीठ माझ्या तोंडात, तुमच्या नाही. दाऊर, फिर. मोमार सेक, फिर, तुझी बायको शिव्या घालतेय. सगळे फिरा." एकेका होडीचं नाव घेतलं, जेवढ्या गेल्या होत्या त्यांचं. एक नाव घेतलं नाही. दिवा विझला. बाहेर जिन्यात सिरा भिंतीला टेकून बसली आणि तिच्या तोंडातून जनावरासारखा आवाज आला. मी उभी राहिले. तिला उठवलं नाही, सोडूनही गेले नाही.

पहाटेपर्यंत शोधाला गेलेल्या होड्या किनाऱ्याला लागल्या. सगळ्या. आणि सकाळ उजाडली ती एवढी निर्मळ की डोळे दुखावेत. समुद्र तेल, आकाश काच. पूर्वेला काही नाही. मिनार, तारा, एक विमान. माणसं वाळूवर बसली होती, डोळे लाल, ओठ फुटलेले, आणि कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. दाऊर माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "याय, आम्ही दूर होतो, पार दूर. तिथं पाण्यावर काहीतरी होतं, लाकडासारखं. आम्ही वळणार होतो तिकडे. तू बोललीस आणि आम्ही फिरलो." मी म्हटलं, "माणूस होतं का?" "दिसलं नाही. फिरलो ना." मग मोमार सेक मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुठाय? कुठाय तुझी पूर्व? सुनेच्या नादी लागून म्हातारीनं स्वतःचं पोर सोडलं. चला रे, होड्या घाला." आणि ते उठले. उठले आणि खांदे लावले, लाकूड वाळूत करकरलं. सिरा माझ्या शेजारी होती. मी तिला दात आवळून म्हटलं, "कुठाय?" "येतेय." "कुठाय, टवळे?" "येतेय, याय. हळू झाली असेल. होतात कधी. कधी वाटेतच विरतात." "विरतात? हे तू काल सांगितलं नाहीस."

मी समुद्राकडे पाठ केली. लेबू बाईनं, आमच्या कोळी जमातीतल्या बाईनं, समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नसतं, पण मी केली, आणि जमिनीकडे तोंड करून तिची वाट बघायला लागले. ये. आयुष्यात मी देवाजवळ जे मागितलं त्यात असं काही कधी नव्हतं. ये ना. पाणी घेऊन ये, वाळू घेऊन ये, माझ्या फळ्या परत मोड, घराचे पत्रे ने, पण ये. तू आली नाहीस तर मी त्याला फुकट सोडलं. माझ्या मागे पहिल्या होडीचं नाक पाण्याला लागल्याचा आवाज आला. मी मनात तिला अशा शिव्या घालत होते की त्या मी सवतीलाही कधी घातल्या नाहीत, मेलेल्या नवऱ्यालाही नाही. आणि शिव्यांच्या मधेच मला कळलं की आवाज थांबलेत. वल्ह्यांचे, माणसांचे. माशा गप्प झाल्या. झगा पाठीला चिकटला. कानात दडे बसले. मिनाराच्या पलीकडे रेघ होती, नखानं ओढावी एवढी, तांबूस. मग बोटाएवढी. मोमार सेक पहिला ओरडला, फाटक्या आवाजात, दोनच शब्द, आणि सगळे होड्यांवर तुटून पडले, ओढायला, मागे, वर, गवतापर्यंत. माझ्या दोन्ही बाजूंनी माणसं धावत होती आणि धावता धावता माझ्या झग्याला हात लावत होती, पीराच्या कबरीला लावतात तसा. दाऊरनं लावला. मोमार सेकनंही लावला. सिरा खाली बसली आणि तिनं तोंड झाकलं.

मी खरी ठरले. मला खरं ठरायची फार हौस, लहानपणापासून. ती लाट माझ्या डोक्यावरून गेली, वाळू माझ्या उघड्या डोळ्यांत गेली, आणि मी वळून बघितलं तर ती पाण्यावर उतरत होती, पश्चिमेकडे, त्या लाकडाच्या दिशेनं.